साइडकारची बुलेट ट्रेलरवर बांधून न्यायची असेल तर

आबांची बुलेट आणि तिला जोडलेली साइडकार कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात बरीच वर्षं उभी होती. लहानपणी त्याच साइडकारमध्ये बसून आम्ही भावंडं जोतिबाला जायचो. गाडी पुन्हा चालती करायची ठरलं तेव्हा रंगकामासाठी ती सांगलीला न्यायची होती. अंतर पन्नासेक किलोमीटर, रस्ता सरळ, हातकणंगले-जयसिंगपूरमार्गे. एका ओळखीच्यांनी ट्रेलर दिला, चार माणसांनी गाडी वर चढवली, हँडलला दोन आणि साइडकारच्या पत्र्याला दोन बेल्ट आवळले आणि निघालो. सांगलीत उतरवली तेव्हा साइडकारच्या बॉडीला धरणारी एक पट्टी तडकली होती आणि चालवून बघितली तर गाडी सतत डावीकडे ओढत होती.

चूक साधी होती. दुचाकी बांधताना ती पडेल ही धास्ती असते, म्हणून आपण काळजी घेतो. तीन चाकांची गाडी स्वतःच्या बळावर उभी राहते, त्यामुळे ती बांधलेलीच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तिचं वजन एका बाजूला जास्त असतं, तिचे दोन भाग चार बोल्टांवर जोडलेले असतात, आणि बेल्ट चुकीच्या जागी ओढला तर तो जोडच पिळला जातो. दुसऱ्या वेळी हीच गाडी कोल्हापुरातून पुण्याला, म्हणजे साधारण २३० किलोमीटर, नेली तेव्हा एक ओरखडाही आला नाही. मधल्या काळात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी वजन आणि मापं घ्या

हे काम सगळ्यांत कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. चार गोष्टी मोजा:

- साइडकारसकट गाडीचं एकूण वजन
- साइडकारच्या एकट्या चाकावर येणारं वजन
- बुलेटच्या दोन चाकांची रेषा आणि साइडकारचं चाक यांच्यातलं अंतर
- साइडकारच्या चौकटीचा सर्वांत खालचा पाइप जमिनीपासून किती वर आहे

एकूण वजनासाठी मार्केट यार्डाकडे किंवा एखाद्या साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर जा. मोठे काटे पाच-दहा किलोच्या टप्प्यात आकडा दाखवतात, पण आपल्याला तेवढं पुरतं. साइडकारच्या चाकाखालचं वजन मात्र धान्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर घ्यावं लागतं. मी लक्ष्मीपुरीतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून काटा आणला. साइडकारचं चाक काट्यावर ठेवायचं आणि बुलेटची दोन्ही चाकं काट्याइतक्याच उंचीच्या फळ्यांवर. गाडी तिरकी असली तर आकडा चुकतो.

आमच्या गाडीचे आकडे असे आले: एकूण २६० किलो, साइडकारच्या चाकाखाली ७५ किलो, दोन्हींमधलं अंतर ११० सेंटिमीटर. आता ७५ भागिले २६० गुणिले ११०, म्हणजे सुमारे ३२ सेंटिमीटर. गाडीचा भार बुलेटच्या रेषेपासून साइडकारच्या दिशेने ३२ सेंटिमीटरवर आहे असा याचा अर्थ. डोळ्यांना मध्य दिसतो ५५ सेंटिमीटरवर. हा २३ सेंटिमीटरचा फरक पुढे ट्रेलरवर लागणार आहे, म्हणून आकडा लिहून ठेवा.

२. कागदपत्रं

रस्त्यावर अडवलं तर एकाच वेळी तीन वाहनांचे कागद लागतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

- ओढणाऱ्या गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना
- ट्रेलरचं स्वतःचं आरसी आणि विमा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहनच आहे आणि त्याची वेगळी नोंदणी लागते
- बुलेटचं आरसी आणि विमा
- गाडी तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं सही केलेलं पत्र आणि ओळखपत्राची प्रत

डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले कागद चालतात, पण घाटात नेटवर्क गेलं की अडचण होते. छापील प्रती जवळ ठेवा.

साइडकारबद्दल लोक हमखास गोंधळतात. कायद्यातल्या व्याख्येनुसार जोडता-काढता येणारी साइडकार लावलेली दुचाकी ही मोटारसायकलच असते, आणि ट्रेलरच्या व्याख्येतून साइडकार स्पष्टपणे वगळलेली आहे. तरीही ती बाहेरून बसवून घेतली असेल तर त्या बदलाला आरटीओची मान्यता आणि आरसीवर नोंद हवी. जुन्या गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेही बघून घ्या. आमच्या एमएच ०९ पासिंगच्या बुलेटचं ते राहिलं होतं.

विम्याची पॉलिसी काढून वाचा. सर्वसमावेशक पॉलिसीच्या मूळ मजकुरात गाडी रस्त्याने, रेल्वेने किंवा जलमार्गाने वाहून नेली जात असताना होणारं नुकसान धरलेलं असतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. निघण्यापूर्वी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, बांधल्यावर पुन्हा काढा.

३. ट्रेलर निवडताना

ट्रेलर मिळत नाही म्हणून शेतीसाठी नोंदवलेल्या उसाच्या ट्रॉलीत गाडी घालून न्यायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ट्रॉलीचा पाटा, म्हणजे माल ठेवायचा तळ, उंच असतो, तिला स्प्रिंग बहुधा नसतात, बांधायला पक्क्या कड्या नसतात. महामार्गावर तर नकोच. आम्ही पॉवर टिलर न्यायला बनवलेला बुटका, सपाट ट्रेलर मागून घेतला आणि मावसभावाच्या बोलेरोला जोडला.

पाट्याची रुंदी सहा फूट तरी हवी. त्याच्या लोखंडी चौकटीला वेल्डिंग किंवा बोल्ट केलेल्या किमान आठ डी-रिंग, म्हणजे डी आकाराच्या कड्या, हव्यात. वरच्या नक्षीदार पत्र्याला, म्हणजे नुसत्या चेकर प्लेटला मारलेली कडी उपटून येते, कारण प्लेट पातळ असते. आमच्या ट्रेलरला चारच कड्या होत्या, आणखी सहा उद्यमनगरात बसवून घेतल्या. तिथे हे काम अर्ध्या दिवसात होतं, फक्त कडी खालच्या चौकटीच्या चॅनेललाच लागते आहे ना हे उभं राहून बघा.

ओढणाऱ्या गाडीमागचा जोडणीचा बॉल आणि त्यावर बसणारं ट्रेलरच्या पुढच्या दांडीचं तोंड, म्हणजे कपलर, हे एकाच मापाचे असले पाहिजेत. ५० मिलिमीटरच्या बॉलवर मोठ्या मापाचा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो. दोन सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी रस्त्यावर न आदळता साखळ्यांच्या झोळीत बसते. मागचे लाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर तपासा.

४. सामान

- ३५ मिलिमीटर रुंदीचे पॉलिएस्टरचे रॅचेट बेल्ट, म्हणजे दातेरी चक्राच्या दांड्याने आवळायचे पट्टे: नऊ, आणि वर दोन जास्तीचे
- सॉफ्ट लूप, म्हणजे दोन्ही टोकांना फास असलेले छोटे मऊ पट्टे: दहा
- चाकांसाठी लाकडी पाचरा: सहा
- दोन इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या आणि त्या पाट्याला पक्क्या करायला बोल्ट
- चढवण्यासाठी दोन फळ्या किंवा लोखंडी रॅम्प, त्यांना ट्रेलरशी बांधायला साखळी
- जुनं घोंगडं किंवा फलालीनचे तुकडे
- मापाची टेप, खडू, पाना-पक्कड, हवेचं मीटर, टॉर्च

बेल्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण फसगत इथेच होते. दुकानदार मोठ्या आवाजात सांगतात तो आकडा बेल्ट तुटण्याचा असतो. प्रत्यक्ष कामासाठी त्याचा तिसरा भाग धरा. चांगल्या बेल्टला शिवलेलं लेबल असतं आणि त्यावर बांधण्याची क्षमता लिहिलेली असते. लेबलच नसेल तर तो बेल्ट घेऊ नका. महामार्गालगत ट्रकचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे लेबलवाले बेल्ट मिळतात.

किती ताकद लागते याचा हिशेब फार अवघड नाही. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात जोरात ब्रेक लागला तर वजनाच्या ०.८ पट जोर पुढे आणि वळणावर ०.५ पट जोर बाजूला धरतात. आमच्या २६० किलोच्या गाडीला म्हणजे पुढे २०८ आणि बाजूला १३० किलो. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या बेल्टांना हे जड नाही. मग ५० मिलिमीटरचे ट्रकवाले बेल्ट का घेऊ नयेत? कारण त्यांच्या लांब दांड्याच्या रॅचेटवर हाताने ५० किलोचा जोर लावला तरी बेल्टमध्ये तीनशे-साडेतीनशे किलोचा ताण सहज येतो. एवढ्या ताणाने लोखंडाचं यंत्र जागचं हलत नाही, पण साइडकारचा जोड वाकतो. आमची पट्टी तशीच तडकली होती.

नायलॉनची दोरी वापरू नका. ती ताणाने लांबते, भिजली की आणखी लांबते. पावसाळ्यात कोल्हापुरातून निघालात तर कऱ्हाड येईपर्यंत सैल झालेली असेल.

५. गाडी तयार करणं

पेट्रोल टाकीत पाव भागच ठेवा आणि कॉक बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. साइडकारचं हूड, पुढची काच, गादी, स्टेपनी, डिकीतलं सामान सगळं उतरवून ओढणाऱ्या गाडीत ठेवा. आरसे काढा. टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा आणि रात्रभर थांबून सकाळी पुन्हा मोजा. हळू पंक्चर असेल तर वाटेत टायर बसतो आणि चाकावरचा बेल्ट आपोआप सैल होतो.

आता एक माप घ्या, जे मी पहिल्या वेळी घेतलं नव्हतं. बुलेटच्या दोन्ही चाकांना टेकवून एक सरळ फळी जमिनीलगत ठेवा, दुसरी साइडकारच्या चाकाला टेकवून ठेवा. दोन फळ्यांमधलं अंतर पुढच्या बाजूला मोजा, मग मागच्या बाजूला. पुढचं अंतर साधारण १० ते २० मिलिमीटरने कमी असतं, साइडकारचं चाक किंचित आत वळलेलं ठेवतात म्हणून. आमचा फरक १५ मिलिमीटर होता. तो आकडा खडूने साइडकारच्या आतल्या पत्र्यावर लिहून ठेवला. प्रवासानंतर जोड हलला की नाही, हे या एकाच आकड्यावरून कळतं.

साइडकार जोडणारे सगळे बोल्ट घट्ट आहेत का तेही आत्ताच बघा. बोल्टाच्या डोक्यापासून पाइपपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवली की वाटेत नुसत्या नजरेनं कळतं.

६. चढवणं

दुचाकीला एक फळी पुरते. इथे दोन लागतात, एक बुलेटच्या दोन्ही चाकांसाठी आणि एक साइडकारच्या चाकासाठी. दोन्हींची लांबी पाट्याच्या उंचीच्या चौपट असू द्या. पाटा दोन फूट उंच असेल तर फळी आठ फुटांची. यापेक्षा आखूड फळी घेतली तर चढ संपतो त्या टोकाला साइडकारचा खालचा पाइप टेकतो आणि गाडी अर्ध्यात अडकते. लांब फळ्या नसतील तर ट्रेलरची मागची बाजू एखाद्या ओट्याला किंवा बांधाला लावा, चढ निम्मा होतो.

फळ्या ट्रेलरला साखळीने बांधा. चाक वर चढताना फळीला मागे ढकलतं आणि न बांधलेली फळी निसटते. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच असू द्या, नाहीतर मागे वजन पडताच दांडी वर उचलली जाते. हँडब्रेक आणि चाकांना पाचरा लावल्याशिवाय सुरुवात नको.

इंजिन चालू करून गाडीवर बसून चढवू नका. साइडकारच्या गाडीला रेस दिली की ती साइडकारच्या बाजूला वळते, आणि फळी जेमतेम फूटभर रुंद असते. चार माणसं घ्या. एक बुलेटच्या उजव्या बाजूने हँडल आणि ब्रेक धरून, दोघं मागून, चौथा साइडकारपाशी. साइडकारच्या चाकाला बहुधा ब्रेक नसतो. मध्येच बुलेटचा ब्रेक दाबला की साइडकार मागे घरंगळायला बघते आणि सगळी गाडी फिरते, म्हणून चौथा माणूस तिथून हलता कामा नये. आवाज एकाच माणसाने द्यायचा.

७. जागा कुठली

इथे पहिल्या टप्प्यातले आकडे कामाला येतात. ट्रेलरच्या पाट्यावर खडूने मध्यरेषा ओढा. बुलेटची रेषा त्या मध्यरेषेच्या उजवीकडे ३२ सेंटिमीटरवर आली पाहिजे, म्हणजे भार बरोबर मध्यावर बसतो. डोळ्यांच्या अंदाजाने गाडी मध्यावर ठेवली असती तर ट्रेलरचं उजवं चाक कायम जास्त दाबलं गेलं असतं.

पुढे-मागे ठेवताना ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांडीवर यायला हवं. ट्रेलर आणि गाडी मिळून ६०० किलो असेल तर दांडीवर ६० ते ९० किलो. तोच धान्याचा काटा दांडीखाली ठेवून बघा. वजन मागे गेलं तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि डुलणं सुरू झालं की ब्रेक मारून ते वाढतंच. कमी पडलं तर गाडी दोन-चार इंच पुढे सरकवा. बरोबर जागा मिळाली की तिन्ही चाकांभोवती खडूने खूण करा.

८. बांधणं: आधी चाकं, मग चौकट

हँडल सरळ ठेवा. स्टीअरिंग लॉक लावू नका, त्याने चाक तिरकं होतं. बेल्ट आवळून होईपर्यंत गाडी न्यूट्रलमध्ये, झाल्यावर पहिला गिअर टाका.

पुढच्या चाकाला पुढून पाचरा आणि मागच्या चाकाला मागून. साइडकारच्या चाकाला दोन्हीकडून. मग मागच्या चाकाच्या आणि साइडकारच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या पाट्याला बोल्टने बसवा. बाजूला सरकायला या पट्ट्याच अडवतात, आणि त्यामुळे बेल्टांवरचा आडवा ताण खूप कमी होतो.

पहिले तीन बेल्ट चाकांचे. बुलेटला मडगार्ड असल्यामुळे टायरवरून बेल्ट टाकता येत नाही. चाकाच्या खालच्या भागात, स्पोकच्या मधून सॉफ्ट लूप घालून तो रिम आणि टायरला मिळून वेढा द्या. एक लूप पुढच्या अंगाला, एक मागच्या. दोन्हींमधून बेल्ट घेऊन खाली डी-रिंगला ओढा. लूप एकट्या स्पोकवर ओढला जाता कामा नये, स्पोक वाकला की चाक लटपटतं. ब्रेकची केबल आणि मागे साखळी अडकत नाही ना तेही बघा. हे तीन बेल्ट चांगले घट्ट करा. चाकं शॉकॲब्सॉर्बरच्या खाली असतात, त्यामुळे खड्ड्यात गाडी वरखाली झाली तरी हे बेल्ट ढिले पडत नाहीत आणि जोडावरही जोर येत नाही.

मग चौकटीचे बेल्ट. पुढून दोन, हँडलच्या खाली दोन्ही फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, ज्या आडव्या लोखंडात बसतात तिथून. एक उजवीकडे पुढे, एक डावीकडे पुढे, साइडकारच्या नाकाच्या आतून. जमिनीशी कोन साधारण ४५ अंशांचा ठेवा. हँडलच्या टोकांना बेल्ट लावू नका, हँडल फिरतं आणि वाकतं. मागून दोन, मागचे शॉकॲब्सॉर्बर जिथे वर चौकटीला जोडलेले असतात तिथून, मागच्या दिशेने. डाव्या बाजूला साइडकार आड येते, म्हणून तो बेल्ट तिच्या मागून फिरवावा लागतो. पत्र्याला घासत असेल तर घोंगड्याचा तुकडा घाला.

शेवटचे दोन साइडकारच्या लोखंडी चौकटीला, एक पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यातून आणि एक मागच्या. हे दोन्ही खाली आणि पुढे-मागे ओढायचे, बाहेरच्या दिशेने बिलकूल नाही. बुलेट उजवीकडे आणि साइडकार डावीकडे ओढली की मधला जोड ताणला जातो, आणि आमच्याकडे सांगलीच्या फेरीत नेमकं तेच झालं होतं. पुढच्या खेपेला उद्यमनगरातले मिस्त्रीमामा बेल्ट बघायला आले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला रॅचेट थांबवला आणि म्हणाले, “ताई, बेल्ट गाडी धरायला हाय, पिळायला न्हवं. हितनं पुढं दोन दातच.” तेव्हापासून मी तेच माप धरलं आहे: हाताने ओढून बेल्टचा झोल काढायचा, मग रॅचेटचे दोन-तीन दात. चाकं आधीच धरलेली असल्यामुळे चौकटीच्या बेल्टांना फक्त डोलणं थांबवायचं असतं. दुचाकीसारखे फोर्क खोल दाबून बांधायची इथे गरज नाही, उलट तसे तासन्तास दाबून ठेवले तर ऑइल सील फुटायचा धोका असतो.

याप्रमाणे तीन अधिक दोन अधिक दोन अधिक दोन, नऊ बेल्ट. लेगगार्ड, फूटरेस्ट, सायलेन्सर, कॅरिअर, मडगार्ड आणि साइडकारची बॉडी, यांतल्या कशालाही बेल्ट लावायचा नाही. रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे किमान दीड-दोन वेढे बसले पाहिजेत, तीनपेक्षा जास्त झाले तर ते अडकतात. उरलेलं टोक गुंडाळून बांधून टाका, वाऱ्याने फडफडून ते रंग घासतं. लांब बेल्टला मध्ये एक पीळ दिला की त्याची थरथर कमी होते.

सगळं झालं की साइडकारचा पाइप आणि बुलेटची मागची चौकट धरून जोरात हलवा. ट्रेलर हलला पाहिजे, गाडी ट्रेलरवर हलता कामा नये.

ताडपत्री झाकायचा मोह होतो. ती शिडासारखी हवा धरते आणि तिच्याखालच्या धुळीने रंगावर ओरखडे पडतात. पाऊस असेल तर भिजू द्या, फक्त एअर फिल्टर आणि सायलेन्सरचं तोंड प्लॅस्टिकने बंद करा.

९. रस्त्यावर

पहिली तपासणी शहराबाहेर पडताच, तावडे हॉटेलच्या चौकानंतर एखाद्या पंपावर. नवे बेल्ट पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्येच बसतात आणि थोडे ढिले होतात. दुसरी किणी टोलनाका ओलांडल्यावर, बाजूला मोकळी जागा बघून. त्यानंतर कऱ्हाड, सातारा, आणि खंबाटकीच्या आधी. प्रत्येक वेळी बेल्ट, खडूच्या खुणा, बोल्टांवरच्या रेघा, साखळ्या, लाइट. ट्रेलरच्या चाकांच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघा. हात ठेववत नाही इतका गरम असेल तर बेअरिंग कोरडं पडलं आहे, तसंच पुढे जाऊ नका.

आम्ही ५० ते ६० किलोमीटरच्या वर वेग नेला नाही. हलक्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात, सगळं थांबवणं ओढणाऱ्या गाडीवर येतं. कागल ते सातारा सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणं आणि उंचसखल सांधे भेटतात, तिथे आधीच वेग कमी करा. पुण्याच्या दिशेने जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर एस आकाराचं वळण आहे, आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. दोन्ही ठिकाणं अपघातांसाठी बदनाम आहेत. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, ब्रेक तापवत उतरू नका.

ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेकवर पाय न आपटता ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

गळिताच्या हंगामात रात्री निघू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, कित्येकांच्या मागे रिफ्लेक्टर नसतो. रिकामी बोलेरो ऐनवेळी बाजूला घेता येते, मागे ट्रेलर असताना येत नाही. आम्ही पहाटे उजाडताच निघालो.

१०. तुमची गाडी वेगळी असेल तर

मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकला चढवायला तीन फळ्या किंवा सलग रुंद रॅम्प लागतो. तिचं वजन दोन्ही बाजूंना सारखं असल्याने ती मध्यरेषेवरच ठेवा, मागच्या दोन्ही चाकांना टायरवरून बेल्ट टाका. दिव्यांग व्यक्तींसाठी बाजूला दोन जास्तीची चाकं बसवलेली स्कूटर असेल तर त्या जास्तीच्या चाकांच्या सांगाड्याला बेल्ट लावू नका, तो बाहेरून बसवलेला असतो. मूळ स्कूटरची दोन्ही चाकं आणि चौकट बांधा, जास्तीच्या चाकांना फक्त पाचरा.

११. उतरवणं

पोचल्यावर घाई होते, म्हणून क्रम सांगते. आधी ट्रेलर सपाट जागी, त्याच्या चाकांना पाचरा, फळ्या साखळीने बांधलेल्या. मग गाडीच्या चाकांच्या पाचरा आहेत त्या जागी आहेत याची खात्री. मग चौकटीचे बेल्ट सोडा, चाकांचे सर्वांत शेवटी. रॅचेट उघडताना तोंड बाजूला ठेवा, ताणलेला दांडा झटक्याने उघडतो.

गाडी मागे उतरते तेव्हा वजन मागच्या चाकावर जातं आणि एकटा पुढचा ब्रेक तिला धरत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवून क्लच हळूहळू सोडत-दाबत उतरवा. पुढून चौकटीला एक दोर बांधून तो ट्रेलरच्या पुढच्या कडीला एक वेढा देऊन एकाच्या हातात द्या, तो थोडा थोडा सैल करत राहील. साइडकारपाशी चौथा माणूस इथेही हवाच, या वेळी तिच्या मागे न उभं राहता बाजूने.

उतरल्यावर लगेच चालवू नका. बॅटरी जोडा, हवा बघा, बोल्ट बघा आणि पुन्हा दोन फळ्या लावून माप घ्या. पुण्यात भावाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही टेप धरली तेव्हा आबा बाजूला खुर्चीवर बसले होते. साइडकारच्या पत्र्यावर खडूने १५ लिहिलेलं होतं आणि टेपवरही १५च आले. त्यांनी मग स्वतः किक मारली.